त्यानंतरचे गोल

९ जानेवारी, शुक्रवार

प्रिय,

पुढे काय लिहावं यातच अर्धा तास गेला. घरातलं लाडाचं नाव लिहिलं तर तू पाकीट तिथेच बंद करशील, आणि दाखल्यावरचं लिहिलं तर मी हेडमास्तर वाटेन. तेव्हा नुसतंच प्रिय. चालवून घे.

तुझी आई तुला स्वेटर पाठवतेय, त्याच्या घडीत हे सरकवतोय. तिला विचारून हं, चोरून नाही. ती म्हणाली, ठेवा, पण मी तुमची वकिली करणार नाही. वकिली नकोच आहे. पाच वर्षांनी मी काही समेट करायला लिहीत नाहीये. लीगचं काम आहे आणि ते तुझ्याशिवाय अडलंय, एवढंच.

बाविसावा हंगाम गेल्या रविवारी संपला. मंडळींनी ठरवलंय की पहिल्या पर्वातल्या, म्हणजे पहिल्या बारा हंगामांतल्या, सात सर्वांत मोठ्या खेळाडूंचा सन्मान करायचा. तू हसशील. ज्यांना हात ना पाय असे संगणकातले खेळाडू, दर रविवारी प्रोग्रॅम त्यांची हॉकी खेळून दाखवतो आणि गावोगावची आम्ही सोळा टाळकी आकडे बघून टाळ्या पिटतो. त्यांचा म्हणे सन्मान. पण लोकांनी फारच मनावर घेतलंय. बेकरीवाल्याने खरीखुरी पितळी पाटी करायला टाकलीय, सात नावांची. बेकरीत लावणार आहे, पावांच्या वर. गिऱ्हाइकं विचारतील हे कोण, तर सांगणार काय, हा त्याचा प्रश्न.

मतदान झालं, प्रत्येकाने सात नावं द्यायची. तुझ्या ठेंगूला पंधरा मतं. सोळावा मी, आणि कारभाऱ्याला मत नसतं. म्हणजे एकानेही त्याचं नाव गाळलं नाही. त्याच्याखालोखाल डॉक्टरांच्या, म्हणजे आपल्या दंतवैद्यांच्या 'सुसाट'ला अकरा.

तू तेरा वर्षांची होतीस, सगळे सव्वासहा फुटी गोलकीपर बनवत होते आणि तू चार फूट दहा इंचांचा बनवलास. मी म्हटलं, अगं, उंची वाढव, फुकट मिळतेय. तर म्हणालीस, चेंडू जमिनीवरून येतो, आभाळातून पडत नाही. नवव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात त्याच ठेंगूने सुसाटचा पेनल्टी स्ट्रोक अडवला तेव्हा तू खुर्चीवर उभी राहून ओरडली होतीस, आणि खालच्या मजल्यावरचे काका काठी आपटत वर आले होते.

असो. अडचण सांगतो. पाटीवर नाव लागायचं तर खेळाडू निवृत्त झालेला हवा. सहा झालेत, ठेंगू नाही. तो अजून गोलमध्ये उभा आहे. हंगामाला एक वर्ष धरून एकोणचाळिशी गाठलीय त्याने. कसा काय टिकला, ते मग कधीतरी.

आणि निवृत्तीचं पत्र ज्याने खेळाडू बनवला त्यानेच लिहायचं, हा नियम तर तुझाच. बेकरीवाल्याने भावाशी भांडण झालं म्हणून भावाचा खेळाडू परस्पर निवृत्त करून टाकला, तेव्हा तू सगळ्या मोठ्या माणसांना सुनावलं होतंस की ज्याने घडवला त्यानेच थांबवायचा, बाकीच्यांनी हात लावायचा नाही. चौदा वर्षांच्या पोरीने सांगितलं आणि पंधरा बाप्यांनी माना डोलवल्या.

पाच ओळी पुरेत. तुझा पासवर्ड अजून तोच आहे, कुणी बदललेला नाही. 'मी आज पॅड उतरवतो' अशी सुरुवात करायची, मग तीन आभार मानायचे, एक कप्तानाचे, एक प्रतिस्पर्ध्याचे आणि एक कारभाऱ्याचे. शेवटचे नाही मानलेस तरी मी हरकत घेणार नाही. पंधरा फेब्रुवारीपर्यंत हवं.

स्वेटरच्या बाह्या आईने दोनदा उसवल्यात. बस म्हणावं तिला आता.

बाबा


२४ जानेवारी, शनिवार

प्रिय,

आईला विचारलं, पत्र पोचलं का. म्हणाली, पोचलं, वाचलं तिने. मग काय म्हणाली? स्वेटर बरोबर बसला म्हणाली. तुझी आई आता सरकारी कार्यालयासारखी झालीय, विचारावं तेवढंच उत्तर.

मलाही हे दुसरं पत्र लिहायचं नव्हतं. पण काल डॉक्टरांचा फोन आला. ठेंगूवरचं सन्मानाचं भाषण तेच वाचणार आहेत. ते म्हणाले, पोरीशी एकदा बोलायचंय, नंबर द्या. मी म्हटलं, ती परगावी असते, कामात असते. ते म्हणाले, मी थांबेन. दाढा उपटून उपटून त्यांना थांबायची सवय झालीय.

त्यांना तुझे आभार मानायचेत. का, ते सांगायला मला जरा मागे जावं लागेल, आणि पहिल्या पत्रात जे 'मग कधीतरी' म्हणून टाळलं होतं ते आत्ताच सांगावं लागेल.

दर आठवड्याला प्रत्येकाने आपल्या खेळाडूच्या सरावाची वही लिहायची, चार-दोन ओळी, आणि कारभाऱ्याने, म्हणजे मी, शून्य ते सहा गुण द्यायचे, त्या गुणांवर खेळाडूची ताकद वाढायची, हे काही बदललेलं नाही. वही नाही लिहिली तर गुण नाहीत. आणि वयाची बत्तीस वर्षं उलटलेला खेळाडू गुणांवाचून चार महिन्यांत झिजून संघाबाहेर जातो. ठेंगू गेला नाही.

वही मी लिहितो. तुझ्या नावाने.

कुणाला माहीत नाही. मंडळींना वाटतं, तू अजून आहेस. तुझे विनोद त्यांना आवडतात. म्हणजे माझे. तुझ्यासारखं लिहायला मला जमतं, इतकी वर्षं तुझ्या वह्या तपासल्यात. तू 'पण'च्या आधी स्वल्पविराम देत नाहीस, मीही देत नाही.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांची बायको गेली. त्यांनी लीगमध्ये एका ओळीत कळवलं आणि त्या रविवारीही संघ उतरवला. काय बोलावं ते कुणालाच सुचेना. मलाही, माझ्या नावाने, 'वाईट झालं' यापलीकडे काही लिहिता आलं नाही. मग ठेंगूच्या वहीत लिहिलं की, सामना संपल्यावर सगळे गेले तरी सुसाट मैदानावरच बसला होता, म्हणून ठेंगू पॅड न काढता त्याच्या शेजारी जाऊन बसला, काही बोलला नाही, दिवे गेल्यावर दोघं मिळून चालत बाहेर आले. डॉक्टरांनी ते छापून दवाखान्यात लावलंय, पेशंटच्या खुर्चीसमोर. ते मला म्हणाले, तुमच्या पोरीला माणूस कळतो हो.

आता माझी विनंती ऐक. निवृत्तीच्या पत्रात तू त्यांना उद्देशून एक ओळ लिही, ते तूच लिहिलं होतंस असं वाटेल अशी. खोटं बोल असं म्हणत नाही. म्हणतोच आहे म्हणा. पण त्यात कुणाचं नुकसान नाही, आणि म्हाताऱ्या माणसाचा आधार राहतो.

हे लिहिताना मला लाज वाटत नाहीये असं समजू नकोस.

बाबा


७ फेब्रुवारी, शनिवार

प्रिय,

हे पत्र पार्सलमधून येत नाहीये, पोस्टाने येतंय. तुझी आई माझ्याशी बोलत नाही.

मी गिरणीत होतो तेव्हा डॉक्टरांचा पुन्हा फोन आला आणि तो तिने घेतला. त्यांनी सरळ मनाने सगळं सांगितलं, पोरगी दर आठवड्याला किती छान लिहिते, कात्रण कसं जपलंय वगैरे. मी घरी आलो तेव्हा ती जेवणाच्या टेबलाशी बसली होती, दिवा न लावता. ओरडली नाही. म्हणाली, "पाच वर्षं मी तिच्या फोनसाठी जीव टांगणीला लावून बसते, आणि तुम्ही तिथे एक दुसरीच करून ठेवलीत. हसरी. खोट न येणारी."

मी काहीतरी बोललो. ती पुढे म्हणाली की सव्वीस वर्षं गिरणीत दिव्याच्या टेबलावर कापड ओढून त्यातला एक तुटका धागा तुम्हाला दहा हातांवरून दिसतो. पुढचं वाक्य तिने सोडून दिलं. ते मला पाठ आहे.

त्यानंतर मी जे पाच वर्षांत केलं नव्हतं ते केलं. बाराव्या हंगामाची तुझी वही उघडली. मी इथे उतरवून काढतो. तुला नवीन नाही, पण मी वाचलंय हे तुला कळायला हवं.

चौथा आठवडा. 'ठेंगू सरावाला गेला पण पॅड बांधायला हात उचलेनात. कप्तानाला कळलं नाही.' गुण पाच. माझा शेरा: छान, वेगळा विचार.

पाचवा आठवडा. 'ठेंगूला वाटतं आपण गोलमधून बाजूला झालो तर सामना लवकर संपेल आणि सगळे सुटतील.' गुण सहा. शेरा: वा! कल्पनाशक्ती उत्तम. शुद्धलेखनाकडे लक्ष दे.

सहावा आठवडा. 'ठेंगूने कारभाऱ्याला सांगून बघितलं. कारभारी म्हणाला, पुढच्या रविवारी बोलू.' गुण सहा. शेरा: कारभाऱ्याला गोष्टीत आणायची युक्ती आवडली.

तू खरंच आली होतीस ना? मी संगणकाशी होतो, सामने लावायचे होते, तू दारात उभी राहून म्हणालीस, बाबा, जरा बोलायचंय. मी मान वर न करता म्हटलं, रविवार होऊन जाऊ दे. तू ते वहीत जसंच्या तसं लिहिलंस, आणि मी त्याला सहापैकी सहा गुण दिले.

सातवा आठवडा. 'ठेंगू ठीक आहे.' एवढंच. गुण दोन. शेरा: फारच त्रोटक. मेहनत दिसत नाही.

त्याच्या पुढच्याच मंगळवारी आईला तू तुझ्या खोलीत सापडलीस. तू जीव द्यायचा प्रयत्न केला होतास. हे वाक्य मी आजवर कधी लिहिलं नाही, बोललोही नाही. घरात आम्ही 'तो मंगळवार' म्हणतो. नातेवाइकांना काविळीचं कारण सांगितलं, तेही मीच.

आणि आता ते, ज्यासाठी तू घर सोडलंस. आठवा आठवडा. तू हॉस्पिटलात होतीस, आई तुझ्या उशाशी. मी कपडे न्यायला घरी आलो. शनिवार होता, वहीचा शेवटचा दिवस. अकराव्या हंगामापासून तुझा एकही आठवडा चुकला नव्हता. मला वाटलं, पोर बरी होऊन येईल आणि मालिका तुटलेली बघून हिरमुसेल. देवाशपथ, एवढंच डोक्यात होतं. मी तुझ्या नावाने लिहिलं, 'सराव उत्तम. मन प्रसन्न.' आणि स्वतःलाच चार गुण दिले. पाच दिले नाहीत, पक्षपात नको म्हणून. मग तुझे कपडे घेऊन हॉस्पिटलात परत आलो.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी तू संगणक लावलास. मला विचारलंस, "हे कुणी लिहिलं?" मी म्हटलं, "अगं, तुझी मालिका तुटली असती." तू माझ्याकडे बघितलंस. तसं माझ्याकडे कुणी कधी बघितलेलं नाही. संध्याकाळी तुझी मावशी येऊन तुला घेऊन गेली, आणि मी तुझ्या आईला म्हटलं, खेळावरून एवढं चिडायचं असतं का.

तुला वाटेल, मग थांबला का नाहीस. पहिलं वर्ष तू परत येशील म्हणून जागा धरून ठेवली, बसमध्ये रुमाल टाकतात तशी. दुसऱ्या वर्षी खरं सांगायची सोय राहिली नाही. नंतर नंतर मला ते आवडायला लागलं. दर शनिवारी तासभर मी तुझ्या आवाजात लिहायचो आणि तेवढा वेळ तू घरात असायचीस. तू आनंदात असायचीस. मी जिला ठेवून घेतलं होतं ती कधी दारात येऊन बोलायचंय म्हणायची नाही. आई म्हणते ते खरं आहे. मला तीच बरी वाटत होती. यापेक्षा वाईट काही मला माझ्याबद्दल सांगता येणार नाही.

डॉक्टरांविषयी मागच्या पत्रात जे मागितलं ते विसर. मी त्यांना स्वतः सांगेन. दोनदा फोन उचलला, नंबर लावला आणि ठेवला. पण सांगेन.

निवृत्तीचं पत्रही नको. पाटीवर सहाच नावं लागतील.

बाबा


१७ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय,

परवा पंधरा तारखेला, दुपारी चारच्या सुमाराला, तुझं पत्र लीगमध्ये आलं. माझं डॉक्टरांना सांगून झालं नव्हतं. आठ दिवस होते आणि मी एकही वापरला नाही. तेव्हा त्यांनी ते सगळ्यांबरोबरच वाचलं.

तू लिहिलंस ते तुला माहीत आहे, तरी मी परत लिहितो. दुसरं काही लिहायचं म्हटलं तर हात पुढे सरकत नाही.

'मी आज पॅड उतरवतो. माझा खेळ बाराव्या हंगामाच्या सातव्या आठवड्यापर्यंत मोजावा. त्यानंतरचे गोल मी खाल्लेले नाहीत. त्यानंतर अडवलेलेही माझे नाहीत. त्यानंतर वहीत जे काही आहे ते मी लिहिलेलं नाही. कप्तानाचे आभार. सुसाटचे आभार, तो नेहमी समोरून यायचा. डॉक्टर, तुमच्या पत्नीचं मला आत्ताआत्तापर्यंत माहीत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. हे मी आज लिहितेय आणि हे माझं आहे.'

तिसरे आभार नाहीत. मी शोधले, खालपर्यंत.

मग बेकरीवाल्याने विचारलं, कारभारी, याचा अर्थ काय? मी सगळं लिहिलं. तो मंगळवार नाही लिहिला, तो तुझा आहे. बाकी पाच वर्षांचं लिहिलं, कुणी, कसं, किती. दोघांनी त्याच दिवशी लीग सोडली. एकाने लिहिलं की माझ्या विनोदांवर तो बायकोला हाका मारून हसवायचा, आता त्याला ओशाळं वाटतंय. डॉक्टरांनी फोन केला. म्हणाले, "कात्रण मी काढणार नाही. त्याखाली तिची ओळ लावीन. तुमच्याशी बोलायला मात्र मला वेळ लागेल." मी म्हटलं, बरं. सन्मानाच्या वेळी त्यांनी भाषण केलं नाही. तुझं पत्रच वाचून दाखवलं, सातव्या आठवड्यापर्यंत मोजावा इथपर्यंत, आणि थांबले.

पाटी बदलली. ठेंगू, हंगाम एक ते बारा. कोरणाऱ्याने बावीस कोरून ठेवलं होतं, ते घासताना पितळेवर खळगा पडलाय. बेकरीवाला म्हणाला, नवी करू. मी म्हटलं, राहू दे.

तुझ्या नावावरच्या त्यानंतरच्या नोंदी मी माझ्या नावावर वळत्या केल्या. दोनशेहून जास्त निघाल्या. गोल सहाशे अकरा. तू म्हणतेस ते बरोबर आहे, ते तू खाल्लेले नाहीस. ते माझे आहेत.

आईला पत्र दाखवलं. हात पुसून तिने उभ्याउभ्याच वाचलं, आणि दहा दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, आता तिला लिहू नका. तिला लिहावंसं वाटलं तर तिला पत्ता माहीत आहे. म्हणून हे शेवटचं. हे तू नाही उघडलंस तरी चालेल, मी तसंच धरून लिहितोय.

एकच राहिलं. निवृत्तीचं पत्रही वहीतच नोंदलं जातं. त्यामुळे प्रोग्रॅमने नेहमीसारखी त्यापुढे चौकट आणली, गुण शून्य ते सहा, आणि खाली शेऱ्याची जागा. ती भरल्याशिवाय आठवडा बंद होत नाही आणि पुढचा सामना लागत नाही. मी चौकटीकडे बघत बसलो. बेकरीवाल्याचा निरोप आला, कारभारी, सामना कधी? मी सगळा कारभार त्याच्या हवाली केला, किल्ल्या दिल्यासारखा, आणि सांगितलं की ती चौकट रिकामीच ठेवायची सोय कर, कशीही कर. त्याने केली म्हणे.

तुझं पत्र मी तपासलं नाही. नुसतं वाचलं. मग मागे जाऊन सातव्या आठवड्याचं वाचलं. 'ठेंगू ठीक आहे.' तीन शब्द आहेत. त्यापुढे माझे दोन गुण आणि माझा शेरा अजून तसाच आहे, तो पुसायचा अधिकार आता माझ्याकडे नाही. मी तेव्हा शेजारच्याच खोलीत होतो. उठून यायला हवं होतं आणि विचारायला हवं होतं, ठीक म्हणजे कसा गं?

बाबा